आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचें संशोधनलेखन आणि त्याचे उल्लेख

(१)

जुन्या ग्रंथाचा काल ठरवितांना त्याचा उल्लेख दुसऱ्या कोणत्या ग्रंथांत सांपडतो हें पाहण्याची रीत आमच्या वाचकांस नवी नाहीं. ग्रंथकारानें आपला शक दिला नसेल व पोथीच्या शेवटीं लेखनकालही नसेल, तर पुढील ग्रंथकारांनीं घेतलेलीं अवतरणें हाच आधार उरतो. अमुक ग्रंथ अमुक टीकाकारास ठाऊक होता, त्या अर्थीं तो त्याच्या पूर्वींचा, इतकें यावरून निश्चित होतें. परंतु अवतरणांच्या संख्येवरून ग्रंथाची थोरवी मोजावी, असें आपल्यापैकीं कोणी म्हणणार नाहीं. मल्लिनाथाच्या टीकांत ‘इत्यमरः’ हे शब्द पदोपदीं येतात; म्हणून अमरसिंह हा कालिदासाहून मोठा ठरत नाहीं. कोश हाताशीं असल्यावांचून टीकाकाराचें चालत नसे, एवढाच त्याचा अर्थ.

हल्लीं विज्ञानाच्या क्षेत्रांत, आणि त्यांतही रसायनशास्त्रांत, संशोधकाची योग्यता त्याच्या निबंधांच्या संख्येवरून व त्या निबंधांच्या पुढें झालेल्या उल्लेखांच्या गणतीवरून ठरविण्याचा प्रघात पडला आहे. नेमणुका, बढत्या व अनुदानें यांचे निर्णय पुष्कळदां याच आकड्यांच्या आधारें होतात. हें माप कितपत भरंवशाचें आहे, याची परीक्षा एखाद्या जुन्या व सुविख्यात उदाहरणावर करून पाहावी, अशा हेतूनें आम्ही आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचें उदाहरण प्रस्तुत लेखांत घेतलें आहे. तें निवडण्याचें कारण असें कीं, राय हे प्रयोगशाळेंतील रसायनज्ञ तर होतेच. शिवाय रसविद्येच्या पोथ्या जमवून, त्यांतील अवतरणें एकमेकांशीं ताडून ग्रंथांचे काल ठरविणारे इतिहाससंशोधकही होते. ज्यांचे उल्लेख आज मोजले जातात त्यांनींच एके काळीं दुसऱ्यांचे उल्लेख पुरावा म्हणून तपासले होते, असा योग विरळाच.

(२)

राय यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजीं बंगाल्यांतील राडुली या गांवीं झाला; हें गांव आतां बांगलादेशाच्या खुलना जिल्ह्यांत मोडतें. १८८२ सालीं गिलख्रिस्ट शिष्यवृत्ति मिळवून ते एडिंबरोस गेले. तेथें प्रोफेसर क्रम ब्राउन यांच्या हाताखालीं अध्ययन करून १८८७ सालीं त्यांनीं डी. एस्सी. ही पदवी संपादन केली. स्वदेशीं परत आल्यावर १८८९ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत दरमहा २५० रुपये वेतनावर साहाय्यक अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्यांचें येथील पहिलें मोठें काम तूप व तेलें यांच्या परीक्षेचें होतें. बाजारांतील तूप व मोहरीचें तेल यांतील भेसळ ओळखावयाची तर अगोदर निर्भेळ मालाचे गुणधर्म नक्की माहीत असले पाहिजेत. म्हणून त्यांनीं गाईचें दूध आपल्या देखत काढवून त्याचें लोणी करविलें, आणि तेलही आपल्या देखरेखीखालीं गाळविलें. या कामाचा निबंध १८९४ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आज त्याचा उल्लेख रसायनशास्त्राच्या नियतकालिकांत क्वचितच कोणी करीत असेल. परंतु ज्या शहरांत तें तूप विकलें जात होतें तेथें त्याचा उपयोग होता, आणि अशा उपयोगाची नोंद कोणत्याही तळटीपेंत होत नसते.

यानंतरचें काम प्रसिद्धच आहे. पाऱ्यावर सौम्य नत्राम्लाची क्रिया थंडपणें घडवून मर्क्युरस नायट्रेट मोठ्या प्रमाणावर तयार करण्याच्या खटपटींत असतां भांड्यांत पिवळे स्फटिक जमलेले त्यांस दिसले. प्रथम त्यांस तो भस्मयुक्त क्षार वाटला. पण इतक्या अम्लयुक्त द्रवांत तसा क्षार बनणें नेहमींच्या अनुभवाच्या विरुद्ध होतें. पृथक्करणानें तो मर्क्युरस नायट्राइट असल्याचें सिद्ध झालें. ज्याचे दोन्ही घटक अस्थिर, असा हा पदार्थ स्फटिकरूपानें हातीं येईल, ही त्या वेळीं अपेक्षा नव्हती. यासंबंधींचा निबंध १८९६ सालीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या ६५ व्या खंडांत छापला गेला. त्याच सालीं जर्मनींतील निरिंद्रिय रसायनाच्या नियतकालिकांतही तो आला. आणि लंडनच्या ‘नेचर’ पत्रानें त्याची दखल घेतली. एकच शोध, परंतु त्याचें प्रकाशन दोन ठिकाणचें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

नायट्राइट वर्गाच्या क्षारांवरील कामाची परंपरा यापुढें बरींच वर्षें चालली, आणि तींतील पुष्कळ निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. अमोनियम नायट्राइट हा क्षार तापवितांच नत्रवायु व पाणी यांत फुटतो, हें विद्यार्थ्यांसही ठाऊक असतें. राय यांनीं नीलरतन धर प्रभृति शिष्यांच्या साह्यानें तो निर्वात स्थितींत न फुटतां बाष्परूप होतो असें दाखवून त्याची बाष्पघनता काढली. हें काम १९१२ सालीं लंडन येथें सादर झालें, तेव्हां सर विल्यम रॅम्से यांनीं त्यांचें अभिनंदन केलें. १९१६ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांतून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयांत पालित अध्यापक झाले. एकंदर निबंधांची संख्या शंभराहून अधिक भरते. त्यांतील बऱ्याच निबंधांवर शिष्यांचीं नांवें त्यांच्या नांवाच्या जोडीला आहेत.

(३)

आतां या निबंधांच्या उल्लेखांची गणती कशी झाली असती, हें पाहूं. त्यासाठीं या गणतीचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगितला पाहिजे. कारण तिचा उगम रसायनशास्त्रांतच आहे.

१९२७ सालीं अमेरिकेंतील ग्रॉस आणि ग्रॉस या दोन लेखकांनीं एक साधा प्रश्न पुढें ठेवला: लहान कॉलेजाच्या ग्रंथालयानें तुटपुंज्या पैशांत रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं? उत्तरासाठीं त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ सालचा खंड घेऊन त्यांतील सर्व आधारोल्लेख मोजले. ते ३,६३३ भरले व २४७ नियतकालिकांस उद्देशून होते. येथें हेतु खरेदीची यादी करण्याचा होता. मोजलीं गेलीं तीं नियतकालिकें, माणसें नव्हेत. पुढें यूजीन गारफील्ड यांनीं, तेही मूळचे रसायनशास्त्राचेच पदवीधर, १९५५ सालीं विज्ञानांतील उल्लेखांची सूचि करण्याची योजना मांडली. अमेरिकन वकील जुन्या निवाड्यांचा पुढें कोठें आधार घेतला गेला हें पाहण्यासाठीं १८७३ पासून एक सूचि वापरीत असत, तिचा नमुना त्यांच्यापुढें होता. १९६१ सालच्या वाङ्मयावर आधारलेली त्यांची पहिली मोठी सूचि १९६३-६४ च्या सुमारास बाहेर पडली. गारफील्ड यांचाही मूळ हेतु एका विचाराचा माग पुढील निबंधांत काढतां यावा, हा होता. परंतु एकदां सूचि सिद्ध झाल्यावर तिच्यांतून माणसांचे आकडे काढणें सोपें झालें. आणि २००५ सालीं हर्श यांनीं एकाच अंकांत संशोधकाची योग्यता सांगणारें माप सुचविलें. ज्याच्या दहा निबंधांस प्रत्येकीं निदान दहा उल्लेख मिळाले त्याचा अंक दहा, असा तो हिशेब आहे.

राय १६ जून १९४४ रोजीं निवर्तले. म्हणजे ही सूचि निघण्यापूर्वीं जवळजवळ वीस वर्षें. त्यांच्या हयातींतले उल्लेख, जे त्यांच्या समकालीनांनीं केले व ज्यांवरून त्यांची ख्याति झाली, ते पहिल्या सूचींत येणें शक्यच नव्हतें. मागाहून जुने खंड तपासून कांहीं भर घातली गेली, तरी तिच्यांतही अडचणी उरतात. पहिली अडचण वर सांगितलेली: एकच शोध कलकत्त्यास व जर्मनींत असा दोनदां छापला गेल्यानें त्याचे उल्लेख विभागले जातात. दुसरी नांवाची. कांहीं निबंधांवर त्यांचें आडनांव रोमन लिपींत स्वरचिन्हासह छापलें आहे, तर इतरत्र त्यावांचून. शिवाय त्यांचे शिष्य प्रियदारंजन राय हेही कलकत्त्याचेच रसायनज्ञ. आणि महाभारताच्या इंग्रजी भाषांतराचे प्रकाशक प्रतापचंद्र राय यांचीं आद्याक्षरें तर हुबेहूब तींच. एका नांवाचे दोन नागार्जुन कीं तीन, या वादांत ज्यांनीं वर्षें घालविलीं आहेत त्या आमच्या वाचकांस ही अडचण अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तिसरी अडचण राय यांनीं जाणूनबुजून ओढवून घेतलेली आहे. १९२४ सालीं इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले, आणि सोसायटीनें आपलें त्रैमासिक सुरू केलें. आपलें काम आपल्या देशांतील नियतकालिकांत प्रसिद्ध व्हावें, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढील पुष्कळ निबंध त्यांनीं तेथेंच दिले. लंडनच्या नियतकालिकास वाचक अधिक, हें त्यांस कळत नव्हतें असें कोण म्हणेल? स्वतःच्या निबंधांचे वाचक कमी करून त्यांनीं एका संस्थेची पायाभरणी केली. आकड्याच्या वहींत हा व्यवहार तोट्याचा दिसेल. इतिहासाच्या वहींत तो जमेकडेच लिहावा लागतो.

(४)

राय यांच्या लेखनाची दुसरी बाजू आमच्या वाचकांच्या अधिक जवळची आहे. फ्रान्समधील विख्यात रसायनज्ञ व रसविद्येचे इतिहासकार मार्सेलां बर्तलो यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला. भारतीय रसविद्येविषयीं बर्तलो यांनीं माहिती विचारली, तेव्हां राय यांनीं ‘रसेंद्रसारसंग्रह’ या ग्रंथाच्या आधारें एक टिपण त्यांजकडे पाठविलें. त्यावर बर्तलो यांनीं पॅरिसच्या विद्वन्मान्य नियतकालिकांत लिहिलें, आणि मध्ययुगीन रसायनावरील आपला त्रिखंडात्मक ग्रंथ राय यांस भेट पाठविला. तो वाचून भारतीय रसायनाचाही असाच इतिहास लिहिण्याचा संकल्प राय यांनीं केला. त्याचा पहिला खंड १९०२ सालीं व दुसरा १९०९ सालीं बाहेर पडला. पहिला खंड निघाल्यावर बर्तलो यांनीं त्याचें विस्तृत परीक्षण केलें. एका अधिकारी वाचकाच्या एका पत्रानें दोन खंडांच्या ग्रंथास जन्म दिला. हा उल्लेख गणतींत एकच भरेल.

या ग्रंथासाठीं राय यांनीं दूरदूरच्या संग्रहांतून रसग्रंथांच्या प्रती मिळविल्या. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९० सालीं आपल्या मालेंत १९ वा ग्रंथ म्हणून ‘रसरत्नसमुच्चय’ छापला होता, त्यामुळें तो महत्त्वाचा ग्रंथ अभ्यासकांस मुद्रित रूपानें मिळूं लागला होता. ‘रसार्णव’ मात्र पोथ्यांतच होता. तो राय यांनीं पंडित हरिश्चंद्र कविरत्न यांच्या साह्यानें संपादून एशियाटिक सोसायटीच्या बिब्लिओथेका इंडिका मालेंत १९०८ ते १९१० या काळांत प्रसिद्ध केला.

येथें त्यांनीं वापरलेली पद्धति पाहण्यासारखी आहे. ‘रसार्णवा’ची रचना शिवपार्वतीसंवादरूप असल्यानें त्यांत कर्त्याचा शक मिळण्याची आशाच नाहीं. परंतु माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’ंत, म्हणजे चौदाव्या शतकांतील ग्रंथांत, रसेश्वरदर्शनाच्या प्रकरणीं ‘रसार्णवा’चा नामनिर्देशपूर्वक उल्लेख आहे. त्या काळीं तो प्रमाणग्रंथ मानला जात होता, त्या अर्थीं तो निदान शंभरदोनशें वर्षें जुना असला पाहिजे, असें अनुमान करून राय यांनीं तो बाराव्या शतकांत ठेविला. उलटपक्षीं ‘रसरत्नसमुच्चया’च्या आरंभीं सत्तावीस रससिद्धांचीं नांवें ओळीनें दिलीं आहेत. ही एक प्रकारची आधारग्रंथांची यादीच होय. परंतु ‘रसार्णवां’तील कित्येक श्लोक त्याच ग्रंथांत जवळजवळ जसेच्या तसे, त्या त्या ठिकाणीं नांव न घेतां, उतरले आहेत. हे उसने श्लोक ओळखावयास दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे लागतात. केवळ नांवें मोजणारास ते दिसणार नाहींत.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. माधवाचार्यांचा एकच उल्लेख कालनिर्णयास पुरला, कारण तो कोणी, केव्हां व कोणत्या संदर्भांत केला हें निश्चित होतें. आणि जेथें ऋण सर्वांत मोठें होतें तेथेंच उल्लेख नव्हता. आकड्याच्या मापास या दोन्ही गोष्टी अगम्य आहेत.

(५)

आधुनिक रसायनशास्त्रांतही हेंच घडतें. राय यांचे शिष्य ज्ञानचंद्र घोष यांनीं १९१८ च्या सुमारास तीव्र विद्युद्विश्लेष्यांसंबंधीं एक उपपत्ति मांडली. तिची युरोपांत मोठी चर्चा झाली. १९२३ सालीं डेबाय व ह्यूकेल यांनीं जो निबंध लिहून या विषयाची घडीच बदलली, त्यांत घोष यांच्या उपपत्तीचें खंडन आहे. पूर्वपक्ष म्हणून झालेला हा उल्लेख गणतींत धरावा कीं नाहीं? आमच्या मतें अवश्य धरावा. खंडन करण्याच्या योग्यतेचा पूर्वपक्ष असणें हाही एक मान आहे. परंतु तो कोणत्या जातीचा उल्लेख आहे, हें आंकडा सांगत नाहीं.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण लाउरी यांचें. प्रथिनांचें प्रमाण मोजण्याची एक रीत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केली. २०१४ पर्यंत त्या निबंधास तीन लाखांहून अधिक उल्लेख मिळाले होते, आणि जगांतील सर्व वैज्ञानिक निबंधांत तो अग्रस्थानीं होता. आपल्याकडील यल्लाप्रगड सुब्बाराव यांनीं फिस्के यांच्यासह १९२५ सालीं स्फुरद मोजण्याची जी रीत दिली तिचीही गोष्ट तशीच. त्या दोघांचें नांव आजही त्या रीतीलाच जोडून घेतलें जातें. हीं कामें उत्तम आहेत यांत शंका नाहीं. परंतु तीं अमरकोशाच्या जातीचीं आहेत. जो जो मोजमाप करील त्यास तीं हाताशीं घ्यावींच लागतात.

तिसरा प्रकार पचून गेलेल्या कामाचा. एखादा शोध पाठ्यपुस्तकांत शिरला म्हणजे त्याच्या कर्त्याचें नांव गळून पडतें. आज पाण्याचे घटक सांगतांना कॅव्हेंडिश व लाव्हाझिये यांच्या निबंधांकडे कोण बोट दाखवितो? येथें उल्लेखांचा अभाव हेंच यशाचें गमक होऊन बसतें.

राय यांच्या मर्क्युरस नायट्राइटची कथा या तिन्हींहून निराळी. या क्षाराकडे पुढें पुष्कळ काळ फारसें कोणी वळलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत जपानी संशोधकांनीं क्षकिरणांच्या साह्यानें त्याची स्फटिकरचना निश्चित केली. आणि २०११ सालीं भारतीय रसायनज्ञांनीं राय यांच्याच रीतीनें तो क्षार पुन्हां तयार करून, त्याची रचना तपासून, मूळ शोधाची ग्वाही दिली. शंभरांहून अधिक वर्षांनीं मूळ कृति तशीच करून पाहतां तोच पदार्थ मिळतो, यापेक्षां प्रयोगाच्या खरेपणाचा निराळा पुरावा कोणता हवा? त्याच २०११ सालीं ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनें राय यांच्या स्मरणार्थ स्मृतिफलक अर्पण केला. युरोपाबाहेर त्या संस्थेनें दिलेला असा तो पहिलाच. हयातींत मात्र लंडनच्या रॉयल सोसायटीचें सदस्यत्व त्यांस मिळालें नव्हतें.

त्यांच्या इतिहासग्रंथाची स्थिति पाहावी तर तो आज रसायनज्ञांपेक्षां इतिहासकारांच्याच हातीं अधिक असतो. प्रियदारंजन राय यांनीं त्याचें नवें संस्करण करून १९५६ सालीं इंडियन केमिकल सोसायटीतर्फे प्रसिद्ध केलें. राय यांनीं ठरविलेल्या ग्रंथकालांपैकीं कांहीं पुढील विद्वानांनीं मागेंपुढें सरकविले. नवे पुरावे उजेडांत आल्यावर तसें होणारच. तथापि त्यांचें खंडन करणारासही सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते. पण या उल्लेखांची नोंद रसायनज्ञ राय यांच्या नांवावर क्वचितच पडते, कारण ते ग्रंथास उद्देशून असतात, आणि गणतीच्या सूचि मुख्यतः नियतकालिकांतील निबंधांसाठीं रचल्या गेल्या.

(६)

सारांश, उल्लेखांची गणती निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कोणतें काम कोणाच्या हातीं पोंचलें, हें ती दाखविते, आणि तेवढ्यापुरती ती पुराव्याची जागा घेऊं शकते. परंतु ती साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदार कोण, त्याची जागा कोणती, तो कशासाठीं बोलला आणि कोण गप्प राहिला, हें पाहिल्यावांचून कोणताही इतिहाससंशोधक साक्ष ग्राह्य धरीत नाहीं. हाच नियम विद्यमान रसायनज्ञांच्या बाबतींतही लागू व्हावा, असें आम्हांस वाटतें. ज्या तरुण संशोधकाचा आंकडा आज लहान आहे, तो कदाचित् राय यांच्या तुपाच्या निबंधासारखें आपल्या गांवाच्या उपयोगाचें काम करीत असेल. कदाचित् शंभर वर्षांनीं पारखला जाणारा एखादा पिवळा स्फटिक त्याच्या भांड्यांत असेल. आंकडा पाहून त्याला दूर करणारानें त्याचा निबंध निदान एकदां वाचला पाहिजे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. रसविद्येच्या पोथ्या जपून ठेवण्याचें महत्त्व आतां सर्वांस पटलें आहे. पण गेल्या दीडशें वर्षांतील आपल्या रसायनज्ञांच्या निबंधांच्या सुट्या छापील प्रती, प्रयोगवह्या, परदेशीं विद्वानांशीं झालेलीं पत्रें, कारखान्यांचे जमाखर्च, हीं साधनें रद्दींत जात आहेत. बर्तलो व राय यांच्या पत्रव्यवहारासारखी गोष्ट कोणत्याही सूचींत सांपडणार नाहीं. ती सांपडली तर एखाद्या जुन्या पेटींतच सांपडेल. ज्या कोणाच्या घरीं अशी पेटी असेल त्यानें ती उघडून, आंतील कागदांची यादी करून ठेवावी. पुढील काळीं कोणाची योग्यता ठरवावयाची वेळ आली, तर तीच यादी आंकड्यापेक्षां अधिक बोलेल.